वॉलरसच्या सुळ्यातली घसरगाडी आणि दगडी कयाक: छोटी इनुइट शिल्पे कशी वाचावीत

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. टोरोंटोतील एका वृद्ध शेजाऱ्यांच्या घरातील सामान विकले गेले, तेव्हा आपण तीन लहान शिल्पे घेतली. पहिले म्हणजे पिवळसर पांढऱ्या सुळ्यातून कोरलेली, वीतभर लांबीची, पाच कुत्री जुंपलेली घसरगाडी. दुसरे म्हणजे करड्या-हिरव्या दगडाचा कयाक (एकट्याने वल्हवायची अरुंद नाव). त्यात बसलेला शिकारी पांढऱ्या पदार्थाचा असून त्याच्या हातातले वल्हे हरवले आहे. तिसरी माणसांनी गच्च भरलेली, दगडातच कोरलेली उघडी नाव. ही खरी इनुइट (आर्क्टिक प्रदेशातील मूळ रहिवाशांची) कारागिरी आहे की पर्यटकांच्या दुकानातली नक्कल, ती साधारण कोणत्या काळातली असावी, वल्हे नवे करून घ्यावे का, आणि पुण्याला परतताना ती बरोबर नेता येतील का, असे आपण विचारले आहे. कॅनडातील संग्रहालयांत अशा वस्तूंच्या संवर्धनाचे काम मी बरीच वर्षे केले असल्याने, आपण पाठवलेल्या छायाचित्रांवरून जेवढे खात्रीने सांगता येते तेवढे येथे सविस्तर लिहितो.

अशी वस्तू हाती आली की बहुतेक जण ती उलटी करून आधी सही शोधतात. मी आधी दोऱ्या पाहतो. लघुशिल्पात कारागीर लांबी आखडतो, जाडी वाढवतो, माणसाला वाहनापेक्षा मोठा करतो आणि नको ते खुशाल गाळतो. परंतु ताण कोठे पडतो, ओझे कोठे बसते आणि दोरी कोठून निघून कोठे जाते, या बाबतीत ज्याने ते वाहन स्वतः हाकले आहे किंवा लहानपणापासून जवळून पाहिले आहे, तो सहसा चुकत नाही. चित्र पाहून किंवा दुसरे शिल्प पाहून नक्कल करणारा नेमका तेथेच चुकतो. म्हणून वाहन कसे चालते हे समजून घेतले, तर प्रदेश, काळ आणि ते कोणासाठी कोरले असावे, या तिन्ही गोष्टींचा अंदाज सहीच्या आधीच येऊ लागतो.

आपली घसरगाडी या दृष्टीने सर्वांत बोलकी आहे. कॅनडाच्या पूर्व व मध्य आर्क्टिकमधील घसरगाडीला कामुतीक म्हणतात. तिला दोन लांब घसरपट्ट्या असतात आणि त्यांवर ओळीने आडव्या फळ्या. या फळ्या खिळ्यांनी ठोकत नाहीत, तर भोकांतून दोरी ओवून पट्ट्यांना बांधतात. कारण असे की समुद्रावरचे बर्फ सपाट नसते. एक पट्टी उंचवट्यावर आणि दुसरी खड्ड्यात असताना सगळी चौकट पिळवटली जाते. खिळ्यांनी जोडलेली गाडी अशा वेळी सांध्यात फुटते, बांधलेली गाडी तो पीळ अंगात सामावून घेते. आपल्या शिल्पातील गाडीच्या घसरपट्ट्यांना वरच्या कडेलगत बारीक भोकांची ओळ आहे, आणि प्रत्येक आडव्या फळीच्या टोकाला दोरी अडकण्यासाठी खाच आहे. एवढ्या लहान आकारात ही भोके पाडणे हे सर्वांत कष्टाचे आणि सर्वांत धोक्याचे काम असते, कारण कडेलगत भोक पाडताना सुळा चिरतो. केवळ दिखाऊ वस्तू करणाऱ्याने फळ्या सरळ चिकटवून टाकल्या असत्या.

त्याहून महत्त्वाची कुत्र्यांची मांडणी आहे. आपली पाचही कुत्री पंख्याच्या काड्यांसारखी पसरलेली असून प्रत्येकाची दोरी वेगळी आहे. वृक्षरेषेच्या उत्तरेला, जेथे झाडांचा अडथळा नाही, तेथे ही पद्धत सोयीची ठरते. समुद्रावरच्या बर्फाला भेग आली की प्रत्येक कुत्रे स्वतःची वाट निवडून उडी मारू शकते. एखादे पाण्यात पडले तर बाकीची त्याच्यामागे ओढली जात नाहीत, आणि पातळ बर्फावर सगळे वजन एका ओळीत येत नाही. याउलट झाडीतून जाणाऱ्या अरुंद वाटेवर कुत्री जोडीजोडीने एका मधल्या दोराला जुंपावी लागतात. अलास्कातील शिल्पांत ही मांडणी अनेकदा दिसते. पंखा पद्धतीत दोऱ्यांची लांबीही सारखी नसते. म्होरक्या कुत्र्याची दोरी सर्वांत लांब असते. सगळ्या दोऱ्या गाडीच्या पुढे हाडाच्या किंवा सुळ्याच्या एका अडकवणीत एकत्र येतात, आणि ती अडकवण ज्या जाड दोरात ओवलेली असते त्याची दोन टोके दोन घसरपट्ट्यांच्या पुढच्या भोकांत बांधलेली असतात. त्यामुळे ओढ दोन्ही पट्ट्यांवर सारखी वाटली जाते. छायाचित्रात हे भोक दोन्ही पट्ट्यांत स्पष्ट दिसते, आणि एक कुत्रे इतरांच्या बरेच पुढे आहे. हा तपशील ज्याने ठेवला तो कुत्री हाकणाऱ्यांपैकी होता, किंवा निदान त्यांच्या घरातला होता, असे मी मानतो.

आता गाडीत काय नाही ते पाहावे. मागच्या बाजूला उभे दांडे नाहीत. ग्रीनलंडच्या घसरगाडीला मागे दोन उभे दांडे असतात. उताराला गाडी आवरणे आणि चढावर ढकलणे त्यांच्या आधाराने जमते, आणि ग्रीनलंडमध्ये कोरलेल्या नमुन्यांत ते बहुधा न चुकता येतात. अलास्कातील गाडीला कठड्यासारखी बांधणी असते. आपल्या गाडीत यातले काहीच नसल्याने ती कॅनडाच्या पूर्व किंवा मध्य आर्क्टिकमधील आहे, असे मला बऱ्याच खात्रीने वाटते. दोऱ्या मात्र मूळच्या नाहीत. जुन्या नमुन्यांत कॅरिबू या उत्तरेकडील हरणाच्या पाठीच्या स्नायूंपासून काढलेली तात किंवा सीलच्या कातड्याची बारीक वादी असते. आपल्या कुत्र्यांना चकचकीत नायलॉनचा धागा बांधलेला आहे. यावरून वस्तू बनावट ठरत नाही. तात काही दशकांत ठिसूळ होऊन तुटते, आणि मग घरातले कोणीतरी हाताशी असेल तो धागा ओवते.

थोडे विषयांतर करतो, पण ते काळ ठरवण्याच्या कामाचे आहे. आर्क्टिकमध्ये लाकूड फक्त प्रवाहाबरोबर वाहत येणारे, आणि काही भागांत तेही नाही. १८१८ मध्ये ब्रिटिश दर्यासारंग जॉन रॉस वायव्य ग्रीनलंडच्या किनाऱ्यावर इनुघुइट या तेथील इनुइट गटाला भेटला तेव्हा त्यांच्या घसरगाड्या हाडांचे आणि सुळ्यांचे तुकडे वादीने एकमेकांना शिवून केलेल्या होत्या. त्यातली एक आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. मध्य आर्क्टिकमधील नेट्सिलिक इनुइट घसरपट्टीसाठी ओली कातडी गुंडाळून, आत मासे भरून गोठवत असत, आणि उन्हाळा आला की ती पट्टी वितळून तिच्यातले मासे खाण्याच्या किंवा कुत्र्यांना घालण्याच्या कामी येत. पट्टीच्या तळाला चिखल किंवा पीट माती थापून, त्यावर पाण्याचा पातळ थर गोठवून ती गुळगुळीत करण्याची रीतही होती. लघुशिल्पात हा तळाचा थर कधीकधी वेगळ्या रंगाच्या हाडाची पट्टी बारीक मेखांनी बसवून दाखवलेला असतो. आपल्या गाडीत तसे नाही, त्यामुळे ती कोरणाऱ्याच्या डोळ्यांपुढे लाकडी पट्ट्यांची, विसाव्या शतकातली गाडी असावी.

कुत्र्यांच्या गाड्यांचा हा काळ झपाट्याने संपला. १९६० च्या दशकात स्नोमोबाइल आल्या, आणि त्याच सुमारास कुटुंबे विखुरलेल्या मुक्कामांतून सरकारी वस्त्यांत आणली गेली. १९५० आणि १९६० च्या दशकांत पोलीस व अधिकाऱ्यांकडून मोठ्या संख्येने कुत्री मारली गेली. या विषयाची चौकशी किकिक्तानी (बॅफिन बेटाचा प्रदेश) ट्रुथ कमिशनने केली, आणि २०१९ मध्ये कॅनडाच्या सरकारने किकिक्तानी इनुइटांची औपचारिक क्षमा मागितली. याचा लघुशिल्पांशी सरळ संबंध आहे. १९७० नंतर कोरलेल्या कुत्र्यांच्या गाड्यांपैकी पुष्कळशा आठवणीतून कोरलेल्या आहेत, आणि त्यानंतरच्या पिढीतील कारागिरांपैकी अनेकांनी स्नोमोबाइलमागे ओढली जाणारी कामुतीक पाहिली, कुत्र्यांची नव्हे. स्नोमोबाइल कोरलेली शिल्पेही आहेत, पण ती थोडी, कारण दक्षिणेकडच्या ग्राहकाला जुने आर्क्टिकच हवे होते. मला स्वतःला ती थोडी शिल्पे फार प्रामाणिक वाटतात.

कयाकाकडे वळू. येथे प्रमाणाचा प्रश्न आधी सोडवावा लागतो, कारण आपण लिहिले आहे की शिकारी नावेच्या मानाने फारच मोठा दिसतो आणि त्यामुळे ते काम कच्चे वाटते. समुद्रातला कयाक साधारण पाच ते सहा मीटर लांब आणि अर्धा मीटर किंवा त्याहून थोडा अधिक रुंद असतो. तो खऱ्या प्रमाणात १५ सेंटिमीटर लांबीवर आणला तर रुंदी दीड सेंटिमीटरच्या आसपास येईल आणि बसलेला माणूस जेमतेम दोन सेंटिमीटर उंच होईल. दगडात हे कोरता येत नाही असे नाही, पण ती सुई होईल आणि हातात टिकणार नाही. म्हणून कारागीर नाव आखडतो आणि माणूस व त्याची हत्यारे मोठी करतो. हा कच्चेपणा नव्हे. प्रमाण अगदी काटेकोर असलेले नमुनेही आहेत, विशेषतः ग्रीनलंडमधील लाकडी चौकटीवर कातडे ताणून केलेले; ते बहुधा संग्राहक आणि अधिकाऱ्यांच्या मागणीवरून झाले आणि त्यांचा हेतू वेगळा होता.

कयाक कोणत्या प्रदेशाचा, हे आकारावरून आणि त्याहूनही अधिक सामानावरून कळते. बॅफिन बेट, उत्तर क्वेबेक आणि लॅब्राडोर येथील कयाक मोठा, सपाट तळाचा व जड असतो. त्याची नाळ, म्हणजे पुढचे टोक, लांब व वर उचललेली, तर मागचे टोक बुटके आणि रुंद असते. पश्चिम ग्रीनलंडचा कयाक अरुंद, पाण्यालगत बसणारा असतो. हडसन उपसागराच्या पश्चिमेकडील कॅरिबू इनुइटांचा कयाक समुद्रासाठी नव्हताच. नद्या व सरोवरे पोहून ओलांडणाऱ्या कॅरिबूंना गाठण्यासाठी तो हलका, निमुळता, टोकाला शिंगासारखा लांबवलेला केलेला असे. म्हणून समुद्री कयाकावर हार्पून (दोरी बांधलेला शिकारीचा भाला), त्याच्या दोरीचे वेटोळे ठेवण्याची छोटी चौकट आणि शिकाऱ्याच्या पाठीमागे सीलच्या कातड्याची हवा भरलेली तरंगणी असते, तर अंतर्भागातील कयाकावर फक्त भाले असतात. हार्पूनचे टोक सीलच्या अंगात शिरून आडवे फिरते आणि दांड्यापासून सुटते, दोरी उलगडते, आणि तिच्या दुसऱ्या टोकाला बांधलेली तरंगणी जनावराला थकवते. ही दोरी शिकाऱ्याच्या पुढून मागे कशी जाते, हे पाहण्यासारखे असते. ती कधीही त्याच्या अंगाभोवती जात नाही, कारण तशी गेली तर सील त्याला नावेसकट उलटवील.

आपल्या कयाकाच्या पुढच्या भागावर एक उथळ गोल खळगा आणि मागे एक वाटोळा उंचवटा आहे. हा उंचवटा म्हणजे तरंगणी, आणि खळगा दोरीच्या वेटोळ्यासाठी. बहुधा तेथे सुळ्याचा छोटा तुकडा बसवलेला होता, तो गळून पडला आहे. नाळ लांब आणि मागचा भाग रुंद असल्याने हा पूर्व आर्क्टिकमधील समुद्री कयाक ठरतो. दगडाच्या नावेत सुळ्याचा माणूस बसवण्याची रीत त्याच भागात १९५० नंतर फार रूढ झाली, आणि त्यामागे एक इतिहास आहे.

इनुइटांचे पूर्वज, ज्यांना पुरातत्त्वज्ञ थुले संस्कृतीचे लोक म्हणतात, सुमारे एक हजार वर्षांपूर्वी अलास्काकडून पूर्वेला पसरले. कातड्याच्या मोठ्या नावा आणि कुत्र्यांच्या गाड्या ही त्यांची खास साधने होती, आणि दोरीच्या धनुकलीने फिरवायचे गिरमिटही त्यांच्याकडे होते, ज्याच्याशिवाय वर सांगितलेली बारीक भोके जवळजवळ अशक्य आहेत. लहान नावा आणि गाड्या मुलांची खेळणी म्हणून होत, आणि काही भागांत मृताच्या थडग्याजवळ त्याच्या हत्यारांच्या लहान प्रतिकृती ठेवण्याचीही रूढी होती. पुढे युरोपीय जहाजे आली. लॅब्राडोरमध्ये मोरावियन या प्रोटेस्टंट पंथाच्या मिशनऱ्यांनी १७७१ मध्ये नेन येथे ठाणे उघडले आणि कालांतराने तेथील सुळ्याची छोटी शिल्पे युरोपात विकली जाऊ लागली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात देवमाशांची शिकार करणारी जहाजे कंबरलँड साउंड आणि हडसन उपसागरात हिवाळाभर राहू लागल्यावर सुया, तंबाखू आणि कापडाच्या बदल्यात असे नमुने खलाशांकडे जाऊ लागले. खलाशाच्या पेटीत मावेल एवढाच आकार हवा असे, आणि वॉलरसचा सुळाही तेवढेच देतो. तो लांबीला भरपूर पण जाडीला चार-पाच बोटे, शिवाय किंचित वाकडा. या वाकात कयाकाचा तळ किंवा घसरपट्टीची वर वळलेली चोच आयती मिळते.

१९४८ मध्ये जेम्स ह्यूस्टन हे चित्रकार उत्तर क्वेबेकमधील इनुक्जुआकला गेले, आणि १९४९ मध्ये माँट्रियल येथील कॅनेडियन हँडिक्राफ्ट्स गिल्डने भरवलेल्या विक्री-प्रदर्शनातील सारी शिल्पे काही दिवसांतच संपली. त्यानंतर सरकार, हडसन बे कंपनी आणि पुढे सहकारी संस्था यांच्यामार्फत दगडी शिल्पांची मोठी बाजारपेठ उभी राहिली. शिल्पे आकाराने वाढत गेली, सुळा तपशिलापुरता उरला, आणि आपल्या कयाकासारखी दगड व सुळा एकत्र आणणारी कामे पुष्कळ झाली. आपण पाठवलेल्या कयाकाच्या तळाच्या छायाचित्रात ई अक्षराने सुरू होणारा आकडा आणि त्याखाली इनुक्टिटुट या इनुइट भाषेच्या लिपीतील काही चिन्हे खरवडलेली आहेत. हा आकडा म्हणजे तबकडी-क्रमांक. १९४१ पासून सरकारने इनुइट व्यक्तींना क्रमांक कोरलेल्या तबकड्या दिल्या होत्या. ई म्हणजे पूर्व आणि डब्ल्यू म्हणजे पश्चिम. १९६८ ते १९७१ या काळात आडनावे नोंदवण्याची मोहीम झाली आणि हे क्रमांक मागे पडले, जरी काही कारागीर पुढेही काही काळ सवयीने ते खरवडत राहिले. ज्या व्यवस्थेने माणसाला क्रमांक दिला तिच्यामुळेच आज आपल्याला कारागिराचे नाव शोधता येते, ही गोष्ट मला दर वेळी अस्वस्थ करते. हा क्रमांक आणि वरील रीत एकत्र धरता आपला कयाक बहुधा १९५० ते १९७५ च्या दरम्यानचा आहे.

तिसऱ्या नावेविषयी थोडे कमी सांगता येते, कारण तिच्यावर खूण नाही. ती उमियाक आहे: लाकडी सांगाड्यावर दाढीवाल्या सीलचे किंवा वॉलरसचे कातडे ताणलेली उघडी नाव, जिच्यात सगळे कुटुंब, कुत्री आणि तंबू मावत. अलास्कात तिच्यातून देवमाशाची शिकार होई. तेव्हा नावेत पुरुष, हातात आखूड वल्ही आणि पुढे हार्पून घेतलेला एक जण उभा. पूर्वेकडे ती मुख्यतः मुक्काम हलवण्यासाठी वापरत, आणि तेव्हा वल्ही लांब, पाठीवरच्या टोपड्यात मूल घेतलेल्या स्त्रिया आणि मध्ये मुले असत. आपल्या नावेत टोपड्यातले मूल दोन ठिकाणी दिसते, त्यामुळे हा स्थलांतराचा प्रसंग आहे. उत्तर क्वेबेकमधील पुविर्निटुकचे शिल्पकार जो तालिरुनिली, ज्यांचे १९७६ मध्ये निधन झाले, यांनी हा विषय पुन्हा पुन्हा कोरला: बालपणी बर्फ फुटून त्यांचा समूह अडकला, घसरगाड्यांचे लाकूड आणि कातडी वापरून नाव बांधली गेली आणि माणसे तिच्यातून किनाऱ्याला लागली. काही शिल्पांबरोबर त्यांनी नावेतील माणसांच्या नावांची यादीही ठेवली. कॅनडाच्या टपाल खात्याने १९७८ मध्ये इनुइट प्रवासावर तिकिटे काढली तेव्हा त्यांत त्यांची ही नाव होती, आणि अब्राहम किंगमियाटूक यांनी सुळ्यात कोरलेली कुत्र्यांची गाडीही होती. आपण ती तिकिटे शोधून आपल्या गाडीशेजारी ठेवून पाहावीत. पाहण्याचा उत्तम सराव होईल. आपली नाव मात्र तालिरुनिलींची आहे असे समजू नये. या विषयाची इतरांनी केलेली कामे पुष्कळ आहेत, आणि कोणी किंमत वाढवून सांगण्यासाठी ते नाव जोडले तर लेखी पुरावा मागावा.

पदार्थ ओळखणे हे घरी भिंगाने करता येण्यासारखे आहे. हस्तिदंताच्या आडव्या छेदावर एकमेकांना छेदणाऱ्या तिरप्या रेषांची जाळी दिसते. वॉलरसच्या सुळ्यात ती नसते; त्याचा बाहेरचा थर एकसारखा असतो आणि आतला गाभा शिजवलेल्या साबुदाण्यासारखा, अर्धपारदर्शक दाण्यांचा. आपल्या घसरगाडीच्या पट्टीच्या मागच्या टोकाला हा गाभा दिसतो. कुत्री बाहेरच्या थरातून काढलेली असल्याने त्यांत तो दिसणार नाही. कॅरिबूच्या शिंगाला आत जाळीदार भाग असतो आणि देवमाशाच्या हाडावर उघडी छिद्रे असतात. रेझिनच्या नकला हाताला लगेच कोमट लागतात, त्यांच्या खोल खाचांत बारीक बुडबुडे सापडतात, आणि दोन कुत्र्यांवर एकच ओरखडा अगदी त्याच जागी आढळतो. खऱ्या शिल्पात कानशीचे वळ एका कुत्र्यापासून दुसऱ्यापर्यंत बदलतात. तापवलेली सुई टोचून पाहण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नये. खरी वस्तू त्याने कायमची डागाळते. १९५८ पासून प्रचारात असलेले, इग्लूचे चित्र असलेले अधिकृत लेबल मिळाले तर उत्तम, पण लेबले हरवतात. आज त्या चिन्हाचे व्यवस्थापन इनुइट आर्ट फाउंडेशन करते.

निगा राखण्याचे काम साधे आहे, पण ते रोजचे आहे. सुळ्याला ओलाव्यातील चढउतार सोसत नाहीत. कॅनडातील हिवाळ्यात तापवलेल्या घराची हवा फार कोरडी होते आणि पुण्याचा पावसाळा त्याच्या अगदी उलट. ४५ ते ५५ टक्क्यांच्या आसपास सापेक्ष आर्द्रता स्थिर राहिली तर चांगले. घरात ते साधायचे तर काचेच्या बंद कपाटात, खिडकी, हीटर आणि दिव्यापासून दूर, आत आर्द्रता सांभाळणारी सिलिका जेलची पिशवी ठेवून साधते. धूळ मऊ ब्रशने काढावी. पाणी, साबण, तेल, मेण यांतले काहीही सुळ्याला लावू नये. तेलाने येणारी चकाकी काही महिन्यांत धूळ धरते आणि पिवळी पडते. दगडाला पाण्याने इजा होत नसली तरी खरवडलेल्या अक्षरांत कोणीतरी भरलेला रंग निघून जाऊ शकतो. नायलॉनचे धागे तूर्त राहू द्यावेत. ते कुरूप आहेत, पण ओढ देत नाहीत. ते काढताना कडेलगतची भोके तुटण्याचा धोका अधिक आहे.

वल्ह्याविषयी माझे मत स्पष्ट आहे. शिकाऱ्याच्या मुठींत दोन आरपार भोके आहेत, म्हणजे वल्हे वेगळे करून ओवलेले होते आणि ते केव्हाही बदलता येण्यासारखेच केले होते. म्हणून नवे करून घेण्यात गैर काही नाही, परंतु ते सुळ्याचे करू नये. फिकट लाकडाचे किंवा संवर्धनासाठी वापरतात त्या अॅक्रिलिक रेझिनचे करावे, चिकटवू नये, आणि त्याच्या खालच्या बाजूला ते केल्याचे वर्ष बारीक अक्षरांत लिहावे. भोकांतली दिशा मात्र तपासून घ्यावी. दोन्ही टोकांना पाती असलेले वल्हे शिकारी आडवे, किंचित तिरके धरतो. दुकानातल्या अनेक दुरुस्त्यांत ते भाल्यासारखे पुढे रोखलेले असते. कुत्र्याचा तुटलेला पाय जोडायचा असेल तर झटपट चिकटणारा गोंद टाळावा, कारण तो नंतर सोडवता येत नाही आणि सांध्यात पांढरा थर सोडतो. पॅरालॉइड बी-७२ हे अॅसिटोनमध्ये विरघळणारे रेझिन संग्रहालयांत वापरतात. पण ते काम संवर्धकाकडे द्यावे.

राहिला पुण्याचा प्रश्न. वॉलरस हा प्राणी साइट्स या वन्य प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील कराराच्या तिसऱ्या परिशिष्टात कॅनडाच्या मागणीवरून आहे, त्यामुळे घसरगाडी आणि कयाकातला शिकारी देशाबाहेर नेण्यापूर्वी कॅनडाच्या पर्यावरण खात्याकडे निर्यात परवान्यासाठी अर्ज करावा. भारतातही २०२२ च्या दुरुस्तीने वन्यजीव संरक्षण कायद्यात साइट्समधील प्रजातींसाठी स्वतंत्र अनुसूची जोडली गेली आहे, म्हणून प्रवासापूर्वी भारतीय अधिकाऱ्यांकडून आयातीचे नियम लेखी विचारून घ्यावेत. हस्तिदंतावर भारतात कडक बंदी आहे आणि विमानतळावरच्या अधिकाऱ्याला सुळा आणि हस्तिदंत नजरेने वेगळे करता येईलच असे नाही. म्हणून पदार्थाची ओळख सांगणारे एखाद्या संग्रहालयाचे किंवा मूल्यनिर्धारकाचे पत्र आणि खरेदीची पावती बरोबर असावी. अमेरिकेत १९७२ च्या सागरी सस्तन प्राणी संरक्षण कायद्यामुळे अशा वस्तूंची आयात सहसा होत नाही, त्यामुळे तेथे विमान बदलण्याचा मार्ग टाळावा. परवाना हाती येईपर्यंत दोन्ही वस्तू टोरोंटोतच कोणाकडे तरी ठेवाव्यात. दगडी उमियाकाला यांतले काहीच लागू नाही. ती आपण याच फेरीत नेऊ शकता, फक्त तिच्यातील माणसांच्या डोक्यांवर दाब येणार नाही अशा रीतीने, उलटी न ठेवता, मऊ फोममध्ये तळ खोवून हातातल्या सामानात न्यावी.